वरळीच्या समुद्राकाठचा टॉवर: राहायला कसा आहे, ते जुलैत बघा

वरळीचा समुद्रासमोरचा फ्लॅट ब्रोकर दाखवतो तो बहुतेक डिसेंबर-जानेवारीत, संध्याकाळी पाचच्या सुमाराला. हवा कोरडी, समुद्र निवांत, उजव्या हाताला सी-लिंकच्या तारा उन्हात चमकतायत. त्या वेळी कुठलंही घर झकासच दिसतं. तेच घर जुलैत, उधाणाच्या दिवशी, पश्चिमेचा वारा काचेवर आपटत असताना बघितलं तर किंमत तीच राहते, पण प्रश्न बदलतात.

थोडक्यात मत आधीच सांगतो. उजेड, हवा, मोकळेपणा आणि दक्षिण मुंबईची जवळीक यात या टॉवरना मुंबईत तोड नाही. पण खरे पैसे जातात ते समुद्र बघायला नाही, समुद्राला घराबाहेर ठेवायला. ते काम इमारतीची देखभाल करणारी माणसं करतात, संगमरवर करत नाही. म्हणून टॉवर निवडताना लॉबीपेक्षा तिथला टेक्निकल मॅनेजर बघावा.

सुरुवात खिडकीपासून. या घरांत बहुतेक मोठे सरकते दरवाजे असतात, जमिनीपासून छतापर्यंत. पावसाळ्यात घरात पाणी येतं ते काचेतून नव्हे, खालच्या ट्रॅकमधून. ट्रॅकच्या बाहेरच्या कडेला पाणी निघून जायला बारीक खाचा ठेवलेल्या असतात. इंटिरियरचं काम चालू असताना त्यात पीओपीची भुकटी, सिलिकॉन आणि ग्राउट जाऊन बसतं. मग सोसाट्याच्या वाऱ्यात ट्रॅक भरतो, आतली कड ओलांडून पाणी लाकडी फ्लोअरिंगखाली शिरतं, आणि ते कळतं फळ्या फुगल्यावर. तपासणी सोपी आहे: ताबा घेताना तांब्याभर पाणी ट्रॅकमध्ये ओता आणि बघत उभे राहा. अर्ध्या मिनिटात पाणी बाहेर गेलं पाहिजे. तुंबून राहिलं, तर तिथेच यादीत लिहा. दर मे महिन्याच्या शेवटी जुन्या टूथब्रशने या खाचा साफ करणं हे त्या घरातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम.

दुसरी गोष्ट रबराची. काचेभोवतीचं ईपीडीएम गॅस्केट कोपऱ्यात नीट जोडलेलं नसेल, नुसतं कापून ठेवलेलं असेल, तर उन्हाने ते आकसतं आणि कोपऱ्यात फट पडते. पाणीही तिथूनच येतं आणि वाऱ्याची शिट्टीही तिथूनच वाजते. बिल्डरकडे खिडक्यांच्या पाणी आणि हवा चाचणीचा अहवाल असतो. तो किती पास्कल दाबाला केला हे विचारायला लाजू नये. अहवाल मिळाला नाही, तरी उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्यावरून बरंच कळतं.

आता कुठली बाजू घ्यावी? मुंबईचा पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. म्हणजे दक्षिण आणि पश्चिम अशा दोन्ही बाजूंना काच असलेला कोपऱ्यातला फ्लॅट सगळा मार खातो. वर हिवाळ्यात सूर्य मावळतो तोही त्याच अंगाला झुकून, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी दुपारी दोननंतर दिवाणखाना तापतो. वायव्येकडच्या कोपऱ्याला पावसाचा जोर तुलनेने कमी, जूनमध्ये सूर्य त्या बाजूला मावळतो तेव्हा बहुतेक ढग असतात, आणि सी-लिंकही तिथूनच दिसतो. दर सारखे असतील तर वायव्य कोपरा डोळे मिटून घ्यावा. ब्रोकर मात्र दोन्ही कोपऱ्यांना ‘फुल सी व्ह्यू’च म्हणतो.

आणि व्ह्यू कायमचा नसतो. सी-फेसच्या रस्त्याला लागून असलेल्या इमारतीपुढे रस्ता आणि समुद्रच आहे, पण आतल्या गल्लीतल्या टॉवरपुढे आज चार मजली जुनी इमारत असेल तर उद्या तिथेही पुनर्विकास होणार हे धरून चालावं. समोरच्या प्लॉटचं २०३४च्या विकास आराखड्यातलं आरक्षण आधी आर्किटेक्टकडून काढून घ्यावं.

खाऱ्या हवेबद्दल सगळे बोलतात, पण तपशिलात कुणी जात नाही. सगळ्यात आधी जातात एसीचे आउटडोअर. कंडेन्सरच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या आणि तांब्याची नळी यांच्यामध्ये मिठाचा ओलावा बसला की पात्या भुरभुरायला लागतात, थंडावा कमी होतो, कॉम्प्रेसर जास्त चालतो, आणि शेवटी नळीला सुईच्या टोकाएवढं भोक पडून गॅस जातो. मेकॅनिक येऊन गॅस भरतो, तो पुन्हा जातो. गॅस भरणं हा उपाय नव्हे, कॉइल बदलणं हाच. आउटडोअर समुद्राच्या तोंडावर न ठेवता आतल्या डक्टच्या बाजूला ठेवलेत का, कॉइलवर गंजरोधक लेप आहे का, आणि तिथे माणूस पाण्याचा पाइप घेऊन सुरक्षित उभा राहू शकतो का, हे तीन प्रश्न. कॉइल गोड्या पाण्याने धुवावी, ॲसिडने नाही. ॲसिडने ती तासाभर नवी दिसते आणि मग आणखी लवकर जाते.

बाल्कनीच्या रेलिंगवर तपकिरी डाग दिसले तर स्टील ३०४ ग्रेडचं असण्याची दाट शक्यता. समुद्राकाठी ३१६ हवं, त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि ते मिठाला जास्त दाद देत नाही. लोहचुंबक लावून या दोन्हींतला फरक कळत नाही, उगाच मिस्त्रीवर विश्वास ठेवू नये. मॉलिब्डेनम ओळखणारे रसायनाचे थेंब मिळतात, त्याने कळतं. ३१६ सुद्धा पंधरवड्यातून एकदा गोड्या पाण्याने पुसावं लागतं, विशेषतः स्लॅबच्या सावलीत असलेला भाग, कारण तिथे पावसाने मीठ धुतलं जात नाही. दरवाजांच्या बिजागऱ्या, कुलपाची आतली स्प्रिंग, पडद्यांच्या मोटरचे जोड, सगळ्यांची गत तीच. पडदे नुसत्या मोबाइलवर चालणारे घेऊ नयेत. हाताने ओढता आले पाहिजेत.

काचा बाहेरून पुसणं हे रहिवाशाच्या हातात नसतं. ते गच्चीवरच्या यंत्राच्या पाळण्यातून किंवा दोरीवरून उतरणाऱ्या माणसांकडून होतं, आणि वारा वाढला की बंद. म्हणजे पावसाळ्यात, जेव्हा काच सगळ्यात घाण, तेव्हाच ती पुसली जात नाही. वर्षातून किती फेऱ्या होतात आणि कुठलं पाणी वापरतात हे विचारा. टँकरचं जड पाणी उन्हात काचेवर वाळलं की पांढरे ठिपके पडतात आणि ते काही महिने तसेच राहिले तर काचेलाच खातात, मग पॉलिशशिवाय जात नाहीत. दुहेरी काचेच्या मधोमध धुकं दिसलं तर तिचं सील गेलंय. ती काच बदलायचीच असते, आणि चाळिसाव्या मजल्यावर एक तावदान बदलायचा खर्च काचेचा कमी, क्रेन आणि परवानगीचा जास्त.

जून ते सप्टेंबर पश्चिमेच्या खिडक्या जवळजवळ बंदच. बाल्कनीतल्या गाद्या आत, झाडं भिंतीकडे, हलक्या कुंड्या तर घरातच. आत मात्र दमटपणा साचतो. चामड्याचे बूट, बॅगा, पैठण्या, पुस्तकांच्या कडा यांवर बुरशी धरते ती बंद कपाटात, बाहेरच्या भिंतीला चिकटवून बनवलेल्या वॉर्डरोबमध्ये. कपाटाच्या पाठीमागे बोटभर जागा सोडायची, दारांना जाळी किंवा फटी ठेवायच्या आणि एक-दोन डिह्युमिडिफायर लावायचे. त्यातलं पाणी हाताने ओतायला कुणी रोज आठवणीने जात नाही, म्हणून नळी थेट बाथरूमच्या जाळीत सोडावी. दोन महिने घर बंद ठेवून परदेशी जाणाऱ्यांनी एसी ड्राय मोडवर टायमरने रोज दोन-तीन तास चालू ठेवावा. मेन स्विच पाडून जाणाऱ्यांच्या घरात ऑगस्टअखेर काय वास येतो ते विचारू नका.

उंच इमारत वाऱ्यात थोडी हलते, तशीच ती डिझाइन केलेली असते. टबमधलं पाणी हिंदकळणं, झुंबर किंचित झुलणं, फॉल्स सीलिंगमधून करकर आवाज येणं, यात घाबरण्यासारखं काही नाही. पण ज्याला बोट लागते त्याने पन्नासाव्या मजल्याचा हट्ट धरू नये. वारा जोरात असताना काही लिफ्टचा वेग आपोआप कमी होतो, कारण आतले दोर झुलू लागतात. गॅलरीचा दरवाजा उघडा ठेवून मुख्य दरवाजा उघडला की तो हातातून सुटून आपटतो. लहान मुलं असतील तर बिजागरीच्या बाजूला बोट अडकू नये म्हणून पट्टी लावा आणि डोअर क्लोजरचा स्क्रू नीट आवळून घ्या. सुरमई तळली की चिमणीचा धूर उलट आत येतो, हीही इथली नेहमीची तक्रार. चिमणीचं तोंड समुद्राकडे काढलं असेल तर वारा झडपच उघडू देत नाही. ते डक्टमध्ये काढलेलं हवं.

पाण्याचा दाब हा विषय ब्रोशरमध्ये कधीच नसतो. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब. दोनशे मीटरचा टॉवर वरच्या एकाच टाकीतून भरला तर तळाला वीस बार होईल, आणि नळ-शॉवरना तीनच्या आसपास पुरतो. म्हणून इमारतीचे टप्पे पाडतात आणि प्रत्येक टप्प्याला दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवतात. तो बिघडला की त्या टप्प्यातल्या खालच्या मजल्यांवर बेसिनखालच्या लवचीक नळ्या फुटतात. उलट, टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर शॉवरला जोरच नसतो. फ्लॅट बघताना सगळ्यात लांबचा शॉवर आणि किचनचा नळ एकदम सोडा, मग कळेल. नळ्या पाच वर्षांनी बदलून टाका, चांगल्या दिसत असल्या तरी. आणि बाहेरगावी जाताना घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. खालच्याच्या इटालियन मार्बलचं बिल लिटरवर लागत नाही. फ्लशला प्रक्रिया केलेलं पाणी येतं, ते किंचित पिवळसर असतं. त्याला वास मात्र यायला नको. आला, तर खालचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा, नीट चालत नाही.

इंटिरियर करणाऱ्यांची इथे अडचण होते, कारण बऱ्याच टॉवरच्या भिंती मायव्हनच्या, म्हणजे सलग काँक्रीटच्या असतात. झिरी मारून वायर टाकता येत नाही. स्लॅब पोस्ट-टेन्शन असेल तर त्यात ताणलेल्या केबल असतात. झुंबरासाठी सहज मारलेलं ड्रिल केबलवर गेलं तर ते प्रकरण फक्त तुमच्या घरापुरतं राहत नाही. केबलचा नकाशा मिळाल्याशिवाय छताला भोक नाही, हे कंत्राटात लिहून घ्या. सर्व्हिस लिफ्टची आतली मापं आणि दाराची रुंदी सोफा ऑर्डर करण्याआधी घ्या. नऊ फुटी सोफा आणि दहा फुटी मार्बलची लादी खालीच पडून राहण्याचे प्रसंग इथे नवीन नाहीत. काम बहुतेक ठिकाणी दिवसा ठरलेल्या वेळेत, रविवारी बंद, अनामत आधी. म्हणजे सहा महिन्यांचं काम नऊ महिने धरा.

रोजच्या जगण्यात सगळ्यात जास्त खटके उडतात ते सर्व्हिस लिफ्टवरून. पन्नास मजले, प्रत्येक घरात दोन-तीन कामाची माणसं, ड्रायव्हर, कुरिअर, दूध, इस्त्रीवाला, शिवाय कुणाच्या तरी घरी चालू असलेलं सुतारकाम, आणि यासाठी लिफ्ट एक किंवा दोन. सकाळी आठ ते दहा तिथे उभं राहून बघा. पोळीवाल्या बाईंना वर यायलाच पाऊण तास लागत असेल तर तो तुमचाही प्रश्न आहे. कामाच्या माणसांना बसायला जागा, स्वच्छ स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी कुठल्या मजल्यावर आहे, हे विचारल्यावर व्यवस्थापन गडबडलं तर इमारतीचा दर्जा ओळखावा. त्यांच्या येण्याजाण्याची सोय मात्र सुधारली आहे. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आणि तिला वरळी स्टेशन आहे.

पार्किंग यांत्रिक असेल तर एका गाडीला लागणारा वेळ स्वतः मोजा. तीन मिनिटं म्हटलं तरी सकाळी दहाव्या नंबरवर अर्धा तास. मोठ्या एसयूव्हीला उंचीची आणि इलेक्ट्रिक गाडीला वजनाची मर्यादा आड येते. पाटीवर किलो लिहिलेले असतात, ते गाडीच्या कागदाशी ताडून बघा. यांत्रिक जागेत बहुतेक वेळा चार्जर बसवता येत नाही, हेही बऱ्याच जणांना नंतर कळतं.

रस्त्याचं सुख मोठं. कोस्टल रोडचा वरळीहून मरीन ड्राइव्हकडे जाणारा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये सुरू झाला आणि दक्षिणेकडचा प्रवास पाऊण तासावरून दहा-पंधरा मिनिटांवर आला. त्याची किंमत अशी, की काही इमारतींच्या समोर पूर्वी लाटा होत्या तिथे आता भराव आणि रस्ता आहे. आवाज उंचीने फारसा कमी होत नाही. रस्ता जिथून सरळ दिसतो तिथे तो ऐकूही येतो. रात्री बारानंतर बेडरूमची खिडकी उघडून ऐका. दुचाकीला त्या रस्त्यावर बंदी आहे, त्यामुळे डिलिव्हरीवाला आतल्या रस्त्यानेच येणार. लव्ह ग्रोव्हच्या (तिथे सांडपाण्याचं पंपिंग स्टेशन आहे) बाजूच्या इमारतींनी ओहोटीच्या वेळचा वास एकदा अनुभवून बघावा. आणि अतिवृष्टी व मोठी भरती एकत्र आली की वरळी नाक्याकडे पाणी तुंबतं. घर कोरडं असतं, तुम्ही अडकता. तळघराच्या उताराला पूर अडवणारी दारं आहेत का ते पाहा, कारण पंप आणि गाड्या दोन्ही खालीच असतात. बाकी बीडीडी चाळींच्या पुनर्विकासासकट वरळीत चोहीकडे बांधकामं चालू आहेत, तेव्हा धुळीपासून अजून काही वर्षं सुटका नाही.

आगीबद्दल मोजकंच. अग्निशमन दलाची सगळ्यात उंच शिडी ९० मीटरची. त्यावरच्या मजल्यांना इमारतीची स्वतःची यंत्रणाच कामाला येते. राज्याच्या २००६च्या कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेचं फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, द्यावं लागतं. मागचं प्रमाणपत्र मागा. शिवाय रेफ्यूज मजल्यावर, म्हणजे आगीच्या वेळी आसऱ्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या मजल्यावर, पायी जाऊन या. तिथे कुणाचं जुनं फर्निचर रचलेलं असेल, तर बाकीची तपासणी करायची गरज नाही.

पैशांचं गणित घराच्या किमतीपाशी संपत नाही. ३० कोटींच्या घराला ६ टक्क्यांनी १ कोटी ८० लाख मुद्रांक शुल्क, बाईच्या एकटीच्या नावावर ५ टक्क्यांनी दीड कोटी. ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळायच्या आधी घेतलं तर आणखी ५ टक्के जीएसटी, म्हणजे दीड कोटी. ओसी आल्यानंतर तो शून्य. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर १ टक्का टीडीएस कापून मोकळं होता येत नाही, दर बराच जास्त लागतो आणि चूक घेणाऱ्याच्या अंगावर येते. मेंटेनन्स चौरस फुटाला २५ रुपये धरला तर ३,००० फुटांना महिना ७५,००० आणि १८ टक्के जीएसटी मिळून ८८,५०० रुपये. वर्षाला साडेदहा लाखांच्या वर. त्यात पावसाळ्यात न वापरलेला पूलही आला आणि वर्षभर न वापरलेला थिएटरहॉलही. ताब्यात मिळालेला कार्पेट एरिया मोजून घ्या. करारातल्या आकड्यापेक्षा ३ टक्क्यांपर्यंतचा फरकच चालतो. कामातल्या दोषांची जबाबदारी रेरा कायद्याप्रमाणे पाच वर्षं बिल्डरची असते, त्यामुळे पहिल्या पावसाळ्यातली प्रत्येक गळती फोटो आणि तारखेसह ईमेलवर कळवा. तोंडी तक्रारीला काही अर्थ नाही.

एक गोष्ट सगळ्यात कमी विचारली जाते: इमारत सहकारी सोसायटी आहे की १९७०च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालचं कॉन्डोमिनियम? सोसायटीत एका सभासदाला एक मत आणि सेवा शुल्क सगळ्यांना सारखं. कॉन्डोमिनियममध्ये खर्च आणि मत दोन्ही डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये (इमारतीच्या घोषणापत्रात) लिहिलेल्या टक्केवारीने. म्हणजे पेंटहाउसवाला जास्त भरतो आणि त्याचं वजनही जास्त. मध्यम आकाराचा फ्लॅट घेणाऱ्याने ती टक्केवारी वाचल्याशिवाय सही करू नये. बिल्डरने न विकलेले फ्लॅट स्वतःकडे ठेवले असतील तर त्यांच्या टक्क्यांवर तो निर्णय फिरवू शकतो, आणि तीच देखभाल कंपनी वर्षानुवर्षं चालू राहते.

शंका असेल तर आधी त्याच इमारतीत ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहावं, सुरुवात १ जूनपासून. महिना ८ लाख भाडं आणि ४८ लाख अनामत धरली तर मुद्रांक शुल्क साधारण २३,००० रुपये आणि नोंदणीचे १,०००. करारात दोन ओळी घालून घ्या: एसीची कॉइल गंजली तर बदलण्याचा खर्च मालकाचा, आणि खिडकीतून पाणी आल्याने झालेल्या नुकसानीची वजावट अनामतीतून होणार नाही. या दोन ओळींवर मालक किती घासाघीस करतो, त्यावरून मागच्या पावसाळ्यात त्या घरात काय झालं असेल याचा अंदाज येतो.